सरकारी कामं घेणाऱ्या आयटी कंपनीत तंत्रज्ञ म्हणून काम कसं असतं? ऑफर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीत चार वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर काढली, आता पुण्यातल्याच एका सरकारी प्रकल्प करणाऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे. घरचे म्हणतात डोळे झाकून घे, मित्र म्हणतात तिथे गेलास की गंज चढेल. काय करू?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे. आधी डेव्हलपर होते, आता आर्किटेक्ट आहे. कृषी, महसूल, शिक्षण अशा विभागांची कामं केली आहेत. माझं मत विचाराल तर ऑफर घ्या, पण त्याआधी कंपनीला एक गोष्ट विचारा: निविदा भरायच्या वेळी तुमचे तांत्रिक लोक खोलीत असतात, की सेल्सवाले सगळं ठरवून आणतात आणि तांत्रिक लोकांना कार्यारंभ आदेश आल्यावर कळतं? तुमची पुढची पाच वर्षं कशी जातील हे या उत्तरावर ठरतं. का, ते सांगते.

आधी घरच्यांचा गैरसमज दूर करा. ही सरकारी नोकरी नव्हे. बसायला जागा आयुक्तालयात मिळेल, गळ्यातल्या कार्डावर विभागाचं नाव असेल, काम सांगणारे साहेब शासकीय असतील, पण पगार खासगी कंपनी देणार. वेतन आयोग नाही, पेन्शन नाही. पीएफ आहे आणि सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं भरली तर ग्रॅच्युइटी. ती सलग भरणंच कठीण असतं. कंत्राटाची मुदत संपून काम दुसऱ्या कंपनीला गेलं की पुष्कळदा माणसं तीच राहतात, टेबलही तेच राहतं, फक्त पगाराच्या स्लिपवरचं नाव बदलतं आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

म्हणून ऑफर नेमकी कशासाठी आहे ते खणून विचारा. निव्वळ मनुष्यबळ पुरवठ्याचं कंत्राट असेल तर तुम्ही विभागात बसून सांगाल ते करणारे 'रिसोर्स' असता. त्यात शिकायला मिळतं ते साहेब कसे आहेत यावर. मोठ्या कंपनीच्या हाताखालचं उपकंत्राट असेल तर निर्णय दुसरेच घेतात आणि पैसेही दोन टप्पे ओलांडून तुमच्या कंपनीपर्यंत येतात. कंपनीनं स्वतःच्या नावावर पूर्ण प्रकल्प घेतला असेल, म्हणजे बांधायचा, चालू करायचा आणि पुढची काही वर्षं चालवायचा, तर तिथे जा. मी पुढे जे लिहितेय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पुण्यात या कामाला तोटा नाही. मंत्रालय मुंबईत असलं तरी राज्याच्या कितीतरी विभागांची मुख्यालयं इथे आहेत: कृषी, सहकार, साखर, शिक्षण, समाजकल्याण ही आयुक्तालयं, जमाबंदी आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक. धोरणाचा शासन निर्णय मंत्रालयातून निघतो, पण तो गावापर्यंत पोचवायची जबाबदारी या कार्यालयांची. त्यामुळे ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं ते लोक बाणेरहून दुचाकीवर अर्ध्या तासात गाठता येतात. सेंट्रल बिल्डिंगच्या व्हरांड्यात किंवा शिवाजीनगरच्या साखर संकुलात समोरासमोर बसून विचारलेल्या एका प्रश्नानं जे काम होतं ते महिनाभराच्या ईमेलनं होत नाही. मंत्रालयातल्या बैठकीसाठी सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन आहेच.

आता मूळ मुद्दा. आज तुम्ही जिरावर (कामं वाटायच्या सॉफ्टवेअरवर) स्टोरी, म्हणजे छोटं काम, उचलता, काही खटकलं तर प्रॉडक्ट ओनरला विचारता, पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या फेरीत, बदलता. सरकारी प्रकल्पात बऱ्याच गोष्टी कोडची पहिली ओळ लिहायच्या आधीच ठरलेल्या असतात, त्या आरएफपीमध्ये, म्हणजे विभागाच्या अपेक्षा आणि अटी मांडणाऱ्या निविदेच्या दस्तऐवजात. विभाग एखाद्या सल्लागार संस्थेकडून आरएफपी तयार करून घेतो. ती महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर किंवा जेमवर येते (जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, २०१६ पासून आहे). बयाणा रक्कम भरावी लागते. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ प्रमाणे ती साधारणपणे अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. मग प्री-बिड, म्हणजे निविदा भरण्याआधीची, बैठक होते, कंपन्या ठरलेल्या नमुन्यात शंका विचारतात, विभाग शुद्धिपत्रक काढतो आणि दार बंद होतं. पुढे निवड सर्वांत कमी दराच्या एल-वनवर होवो किंवा तांत्रिक ७० आणि आर्थिक ३० अशा गुणांवर, कंपनीनं प्रत्येक अपेक्षेसमोर 'मान्य' लिहून दिलेलं असतं. तो तक्ता कराराला जोडला जातो. दीड वर्षानं यूएटीच्या (वापरकर्त्यांकडून होणाऱ्या स्वीकृती चाचणीच्या) दिवशी साहेब तोच तक्ता उघडून ओळीवर बोट ठेवतात.

मी पाहिलेल्या बहुतेक रखडलेल्या प्रकल्पांचा घोळ कोडमध्ये नव्हता, अशाच एखाद्या ओळीत होता. 'सर्व विद्यमान प्रणालींशी रिअल-टाइम जोडणी' हे वाक्य वाचून सेल्सचा माणूस मान्य लिहून मोकळा होतो. तांत्रिक माणूस विचारतो: प्रणाली कोणत्या? त्यांचा एपीआय (दुसऱ्या प्रणालीला डेटा द्यायची सोय) आहे का? तो द्यायचा अधिकार कुणाचा? तो मिळाला नाही तर आमची मुदत थांबते का? या चार प्रश्नांची उत्तरं प्री-बिडमध्ये शुद्धिपत्रकात आली तर प्रकल्प वाचतो. तीच गोष्ट सर्व्हरच्या क्षमतेची. आरएफपीत वापरकर्त्यांची संख्या वर्षाच्या सरासरीनं दिलेली असते. प्रत्यक्षात योजनेचे अर्ज शेवटच्या दोन दिवसांत कोसळतात, कारण दाखले तेव्हा हातात येतात. शेवटच्या दिवसाचा भार धरून हार्डवेअर मागितलं नसेल तर त्या रात्री शेतकरी किंवा विद्यार्थी सेतू केंद्राबाहेर ताटकळतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. तेव्हा तुम्ही कितीही चांगली क्वेरी लिहिलेली असो, उपयोग नाही.

डेटा मायग्रेशनचं उदाहरण जरा सविस्तर देते, कारण या कामाची खरी गोडी त्यात आहे. शेतकऱ्यांच्या एका योजनेत जुने लाभार्थी नव्या प्रणालीत आणायचे होते. आरएफपीत त्यासाठी एकच ओळ: 'सर्व जुना डेटा स्थलांतरित करणे.' तालुक्यांकडून एक्सेल फायली आल्या. त्यात गट क्रमांकाचा रकाना होता. गट क्रमांक १/२ टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करतं. ११२/२ सुखरूप राहतो, कारण तशी तारीख होऊच शकत नाही. छोट्या क्रमांकांवर मात्र संक्रांत येते. हे उलट फिरवता येईल असं वाटतं, पण काही कार्यालयांतल्या संगणकांवर तारखेची मांडणी भारतीय होती, काहींवर अमेरिकन. एका तालुक्यातली '०२-जानेवारी' म्हणजे गट २/१ आणि दुसऱ्या तालुक्यातली तीच '०२-जानेवारी' म्हणजे १/२. फाईल कुठल्या मशीनवर भरली हे कुठेच नोंदवलेलं नाही.

त्याच्या शेजारी क्षेत्राचा रकाना. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. रकान्यात '१.५' होतं. एका ठिकाणी लिपिकानं दशांश धरून लिहिलं होतं, म्हणजे १ हेक्टर ५० आर. दुसरीकडे टिंबाच्या पुढचा आकडा आर म्हणून लिहिला होता, म्हणजे १ हेक्टर ५ आर. फरक पंचेचाळीस आरचा, आणि अनुदान हेक्टरी. कुठलाही प्रोग्रॅम लिहून यातलं खरं कोणतं ते कळत नाही. नावांच्या रकान्यात कुठे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) पुढे लावलेलं, कुठे 'ए.कु.पु.' (एकत्र कुटुंब पुढारी), कुठे 'मयत', आणि काही फायली जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोडमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

आम्ही संशयास्पद ओळी वेगळ्या काढल्या, तालुकावार याद्या छापल्या आणि सातबाऱ्याशी ताडून बघायला कृषी सहायकांकडे पाठवल्या. प्रत्येक नोंदीला 'कुठून आली' आणि 'कुणी तपासली' असे दोन रकाने जोडले. वेळ गेला, पण चुकीच्या क्षेत्रावर कुणाचं अनुदान अडकलं नाही. पुढच्या निविदेच्या प्री-बिडमध्ये आमच्या शंकांच्या यादीत पहिल्या दोन शंका याच होत्या: क्षेत्रासाठी हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने मान्य करावेत, आणि जुन्या डेटाची तपासणी तालुकावार करून विभागानं लेखी स्वीकृती द्यावी. दोन्ही शुद्धिपत्रकात आल्या. सेल्सच्या माणसाला हे सुचलं नसतं, त्याचा दोष नाही, तो त्या फायलींत बसलेला नव्हता. तंत्रज्ञ निविदेच्या टेबलावर हवा असं मी म्हणते ते यासाठी.

आणि टेबलावर बसण्याआधी त्यानं कार्यालयात बसलेलं असावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात मी एका वरिष्ठ लिपिक ताईंच्या शेजारी दिवसभर बसून त्यांचं काम बघितलं. शासकीय लिपिकाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांच्या वेगानं यावं लागतं. ताई त्याहून कितीतरी पुढे होत्या, टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन कळफलकावर, पडद्याकडे न बघता. आमच्या फॉर्ममध्ये तारखेसाठी कॅलेंडर उघडायचं, गावासाठी यादी उघडायची, यादी इंग्रजी स्पेलिंगनुसार लावलेली. त्यांच्या रजिस्टरमध्ये गावं सजेवार, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीप्रमाणे, लावलेली. दर नोंदीला हात कळफलकावरून उचलून माऊसवर जायचा, डोळे यादीत गाव शोधायचे. त्या म्हणाल्या, "मॅडम, बाकी सगळं छान आहे, पण माझा हात तेवढा उचलायला लावू नका." आम्ही तारीख टाइप करायची सोय दिली, गावाचा क्रमांक टाकला की गाव यावं असं केलं, टॅबचा क्रम रजिस्टरच्या रकान्यांप्रमाणे लावला. आरएफपीत यासाठी 'वापरण्यास सुलभ' एवढंच लिहिलेलं होतं. सुलभ कशाला म्हणायचं ते त्या खुर्चीशेजारी बसल्यावर कळलं.

इथे तुमची तिघांशी गाठ असते. बिल मंजूर करणारे अधिकारी, रोज सॉफ्टवेअर चालवणारा कर्मचारी आणि ज्याचं काम व्हायला हवं तो नागरिक. कराराची भाषा पहिल्याला धरून असते. दुसऱ्या दोघांची बाजू कागदावर आणणं हे चांगल्या तंत्रज्ञाचं काम, आणि ते दुसरं कुणी करत नाही.

अधिकारी बदलतात, ही पण मोठी गोष्ट आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि बदल्या बहुतेक एप्रिल-मेमध्ये होतात. बांधणी आणि देखभाल धरून प्रकल्प त्याहून लांब चालतो. ज्या साहेबांनी एसआरएसवर (प्रणाली काय काय करणार त्याच्या दस्तऐवजावर) सही केली ते गो-लाइव्हला, म्हणजे प्रणाली चालू होताना, असतीलच असं नाही. नवे साहेब येतात, त्यांना डॅशबोर्ड वेगळा हवा असतो. अशा वेळी अमुक नियम असा का ठेवला, कुठल्या शासन निर्णयामुळे ठेवला, हे सांगू शकणारा माणूस पुष्कळदा कंपनीचाच असतो. म्हणून प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी पाठवायची सवय लावा आणि प्रत्येक नियमासमोर शासन निर्णयाची तारीख लिहून ठेवा. शासन निर्णय नीट वाचता येणं हे इथे जावाचं स्प्रिंग बूट येण्याइतकंच मोलाचं कौशल्य आहे. 'परंतु' नं सुरू होणारी ओळ चुकली की प्रोग्रॅममधली अट चुकते.

आता तुमच्या मित्रांचा गंज. थोडं खरं आहे. जावाची आवृत्ती जुनी असेल, सर्व्हर राज्याच्या डेटा सेंटरमध्ये किंवा केंद्रानं सूचीबद्ध केलेल्या क्लाउडवर असतील, तिथे पोचायचं म्हणजे व्हीपीएन आणि परवानगीचा अर्ज. एका क्लिकवर दहा सर्व्हर उभे राहत नाहीत. पण त्यामुळेच नेटवर्क, बॅकअप, डिझास्टर रिकव्हरी या ज्या गोष्टी मोठ्या कंपनीत दुसरीच टीम बघते त्या इथे स्वतः कराव्या लागतात. चालू करण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी होते आणि 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्राशिवाय साइट वर जात नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे सगळं हाताखालून गेलं की सुरक्षेची समज पक्की होते. नव्या गोष्टी मात्र घरी स्वतःच शिकत राहा. कंपनी त्यासाठी वेळ देईल या भरवशावर राहू नका.

एका बाबतीत मी तुम्हाला आतापासूनच बजावते. कधीतरी फोन येईल: "एवढी एक नोंद बॅकएन्डवरून बदलून द्या, फार अर्जंट आहे." कारण खरंही असेल, कुणा गरिबाचा अर्ज खरोखरच अडला असेल. तरीही तोंडी सांगण्यावरून डेटाबेसला हात लावायचा नाही. सक्षम अधिकाऱ्याचं लेखी पत्र किंवा ईमेल हवं, तिकीट हवं, जुनी किंमत आणि नवी किंमत लॉगमध्ये हवी. मी हे नम्रपणे, प्रत्येक वेळी, प्रत्येकाला सांगत आले. बहुतेक अधिकारी पत्र देतात. जे देत नाहीत त्यांचं काम पत्राशिवाय करायचंही नसतं. चौकशी झाली तर अधिकाऱ्याकडे त्यांची नस्ती असते. तुमच्याकडे फक्त तो लॉग असतो. आणि त्या एका नोंदीमागे कुणाची तरी जमीन किंवा कुणाची तरी शिष्यवृत्ती असते.

पैशाचं थोडक्यात. बिलं टप्प्यांवर निघतात: एसआरएस, यूएटी, गो-लाइव्ह, मग देखभालीचे तिमाही हप्ते, त्यातून एसएलएचा (ठरलेला सेवेचा दर्जा न राखल्याचा) दंड वजा. निधी मार्चअखेरीला मोकळा होतो, आधी महिनोन् महिने काही नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या निविदा आणि कार्यारंभ आदेश थांबतात. २०२४ मध्ये लोकसभेसाठी मार्चमध्ये आणि विधानसभेसाठी ऑक्टोबरमध्ये, अशी दोनदा लागली. त्या वर्षी ज्या लहान कंपन्यांकडे हातात रोकड नव्हती त्यांची पगाराला ओढाताण झाली. म्हणून मुलाखतीत न लाजता विचारा की गेल्या दोन वर्षांत पगार कधी उशिरा झाला का. एचआरचं उत्तर ऐका आणि मग तिथल्या एखाद्या डेव्हलपरला गाठून तोच प्रश्न पुन्हा विचारा.

त्याच बैठकीत तांत्रिक प्रमुखांना सांगा की तुमच्या एखाद्या चालू प्रकल्पाची आरएफपी दाखवा. ती बहुधा सार्वजनिक असते, लपवण्यासारखं काही नसतं. मग विचारा, प्री-बिडला कोण गेलं होतं आणि तुम्ही कोणत्या शंका पाठवल्या होत्या. ज्यांनी स्वतः ते केलंय ते शंकांची यादी काढून दाखवतात आणि अर्धा तास तळमळीनं बोलतात. ज्यांना आठवावं लागतं तिथे तुमचा नोटीस पीरियड वाया घालवू नका. शिवाय फील्डवर जायला मिळेल का, प्रवासभत्ता कसा आहे, आणि नेमणूक कंपनीच्या कायम यादीवर आहे की कंत्राटाच्या मुदतीपुरती, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. यातलं शेवटचं कंपनी लिहून द्यायला तयार नसेल, तर पगार दीडपट असला तरी मी थांबेन.